घर कोल्हापुरात, विद्यापीठही कोल्हापुरात: एम.एस्सी.साठी इथेच राहावे की पुण्याला जावे?

प्रश्न: ‘सहा इंची आरसा’

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून माझा विषय भौतिकशास्त्र आहे. परीक्षा संपण्याआधीच पुढच्या प्रवेशाचे अर्ज भरावे लागणार आहेत आणि घरात त्यावर रोज बोलणे होते, पण निर्णय होत नाही. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक शिवाजी विद्यापीठाची. ते आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर, जाताना चढ आणि येताना उतार अशा अंतरावर आहे. दुसरी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, म्हणजे घर सोडण्याची. आयआयटीतील एम.एस्सी.साठी असलेली ‘जॅम’ परीक्षा मी फेब्रुवारीत दिली आहे, परंतु पेपर कसा गेला हे मला ठाऊक असल्यामुळे ती वाट मी हिशेबात धरलेली नाही.

घरची थोडी माहिती देते, कारण तिच्यावाचून प्रश्न अर्धवट राहील. वडिलांचे उद्यमनगरात छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि मदतीला एक कामगार, एवढाच पसारा. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे टर्निंग करून देण्याचे जॉबवर्क ते करतात. ऑर्डर असली तर रात्री दहापर्यंत मशीन बंद होत नाही आणि नसली तर आठवडाच्या आठवडा कोरडा जातो. धाकटा भाऊ अकरावीत आहे. आजी गेल्या दिवाळीपासून अंथरुणावर असून तिचे सकाळचे सगळे आई आणि मी मिळून करतो. एकटीच्या हाताने तिला उठवून बसवता येत नाही.

मला खगोलशास्त्राची ओढ आहे. दोन वर्षांपूर्वी मी सहा इंची आरसा स्वतः घासून दुर्बीण तयार केली. गच्चीवर पाण्याचे रिकामे पिंप ठेवून, त्यावर एक काच पक्की बसवून, वर कार्बोरंडमची ओली पूड पसरून दुसरी काच फिरवत मी पिंपाभोवती जवळजवळ तीन महिने प्रदक्षिणा घातल्या. नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) पुढे-मागे सरकवण्याची नळी वडिलांनी लेथवर करून दिली. ‘असल्या बारीक कामाला कुणी मजुरी देत नाही,’ असे म्हणत म्हणत त्यांनी ती तीनदा नव्याने केली, कारण पहिल्या दोन नळ्यांत केसभर खेळ, म्हणजे ढिलेपणा, राहिला होता. आजी तेव्हा हिंडती-फिरती होती. तिने गच्चीवर येऊन शनीचे कडे पाहिले आणि हे मी काचेवर चिकटवलेले चित्र नाही ना, याची खात्री करून घेण्यासाठी दुर्बिणीच्या तोंडाशी हात फिरवला.

पुण्याची ओढ का, हे वेगळे सांगायला नको. विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे आणि नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. उलट आमच्या विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागाचे नाव पातळ थरांच्या (काचेसारख्या पृष्ठभागावर बसवलेल्या अतिशय पातळ लेपांच्या) आणि पदार्थांच्या गुणधर्मांच्या संशोधनासाठी घेतले जाते, खगोलशास्त्रासाठी नव्हे. नातेवाइकांपैकी निम्मे म्हणतात की दारात विद्यापीठ असताना बाहेर कशाला खर्च करायचा. पुण्यात नोकरी करणारा मामेभाऊ म्हणतो, ‘एम.एस्सी.ला कोल्हापुरात राहिलीस, तर पुढेही कोल्हापुरातच राहशील.’ दोन्हीकडचे बोलणे मला सारखेच पटते आणि सारखेच खटकते. ज्यांनी यांपैकी एखादी वाट प्रत्यक्ष चालून पाहिली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: ‘शिरोळची, आता पुण्यात’

तुमचा प्रश्न वाचून मला माझे २०१८ साल आठवले. मी शिरोळ तालुक्यातली. कोल्हापुरात बी.एस्सी. करून मी पुणे विद्यापीठात एम.एस्सी.ला आले. कारणेही बरीचशी तुमचीच होती, फक्त दुर्बीण नव्हती. मी आले याचा मला पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगते. परंतु ज्या अपेक्षेने आले ती आणि हाती लागले ते, या दोन गोष्टी निरनिराळ्या निघाल्या.

आयुका आवारात आहे, हे खरे. मात्र त्या फाटकावरून रोज सायकलने जाणे आणि आत काम मिळणे यांत फार अंतर आहे. ती स्वतंत्र संस्था आहे आणि तिथले उन्हाळी प्रकल्प देशभरातील विद्यार्थ्यांसाठी खुले असतात. शेजारच्या विभागात शिकतो म्हणून कुणी आपल्याला खुर्ची देत नाही. मला शेजाराचा उपयोग झाला तो वेगळ्याच प्रकारे. तिथल्या व्याख्यानांना जाऊन मागच्या रांगेत बसायची सवय लागली. पहिल्या सहामाहीत निम्मे डोक्यावरून जात असे, पण प्रश्न विचारणारी माणसे दिसत आणि संशोधन हा कुणाचा तरी रोजचा उद्योग असतो, हे डोळ्यांना पटत असे. चहाच्या वेळी एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीने मला विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीबद्दल सांगितले. ही शिष्यवृत्ती कोणत्याही गावातील विद्यार्थ्याला मिळू शकते आणि अर्ज घरबसल्या भरता येतो, तरीही बी.एस्सी.ची तीन वर्षे कोल्हापुरात काढून मी तिचे नावसुद्धा ऐकले नव्हते. मोठ्या शहरात शिकण्याचा फायदा विचाराल, तर मी हाच सांगेन. ज्या गोष्टी आपल्याला ठाऊक नाहीत हेच ठाऊक नसते, त्या तिथे सहज कानावर पडतात. तुमच्या कानावर ही आता पडली आहे, तेव्हा अर्जाची तारीख चुकवू नका. ती बहुधा आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात असते.

आता राहण्याचे. वसतिगृहात जागा मर्यादित असतात, म्हणून पहिल्या सत्रात मी बाहेर ‘कॉट बेसिस’वर राहिले. एका खोलीत चार खाटा, चार लोखंडी कपाटे, खिडकी एक, आणि ती ज्या खाटेजवळ आहे तिचे भाडे पाचशे रुपयांनी जास्त. अनामत रक्कम तीन महिन्यांची. निघताना रंगकामाच्या नावाखाली त्यातली निम्मी गेली. खाणावळ रविवारी दुपारी गोड करून वाढते आणि संध्याकाळी बंद असते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री किती मुली बिस्किटांवर झोपतात, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते. शिवाय मी आपल्याकडच्या रीतीने ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणत असे, त्याचे खोलीतल्या मुलींना अनेक दिवस हसू येत होते. हे सगळे सोसण्यासारखे आहे, परंतु पहिले तीन महिने अभ्यासाचे नसतात, एवढे धरून चाला.

एक गोष्ट मात्र सोसवली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आला तेव्हा आमचे गाव पाण्यात होते, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता आणि घरच्यांचा फोन दोन दिवस लागत नव्हता. पुण्यातून कोल्हापूर एरवी पाच तासांचे, पण त्या आठवड्यात ते विलायतेइतके लांब झाले. तुमची आजी अंथरुणावर आहे म्हणून हे मुद्दाम लिहिते. त्यामुळे येऊ नका असे मी म्हणणार नाही, पण रात्री अकराला फोन वाजला तर काय करायचे, हे निघण्यापूर्वी घरात बोलून ठेवा.

उत्तर २: ‘जतचा’

वरच्या ताईंनी पुण्याची बाजू मोकळेपणाने मांडली. मी तिसऱ्याच बाजूने लिहितो. तुमच्या दृष्टीने जे घर आहे, ते माझ्या दृष्टीने परगाव होते. मी जत तालुक्यातून शिवाजी विद्यापीठात शिकायला आलो, तेव्हा आमच्या वस्तीवरून कोल्हापूरला जाणे म्हणजे शिक्षणासाठी घर सोडणेच होते. ‘कोल्हापुरात राहिलीस तर कोल्हापुरातच राहशील’ असे म्हणणाऱ्या तुमच्या मामेभावाला सांगा की या गावात बाहेरून येऊन शिकणाऱ्यांची परंपरा विद्यापीठाहून कितीतरी जुनी आहे. विद्यापीठ १९६२ चे. शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये सुरू केले आणि त्यानंतर एकेका समाजाच्या मुलांसाठी इथे वसतिगृहे उभी राहत गेली. खेड्यातील मुलाला शाळेपेक्षा आधी शहरात डोके टेकायला जागा लागते, हे त्या राजाने ओळखले होते. (हे विषयांतर वाटेल, पण वसतिगृहाचा मुद्दा पुढे येणारच आहे.)

मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम केले. दुपारी वर्ग संपले की ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि परत आलेली पुस्तके मांडणीवर जागच्या जागी लावायची. पैसे थोडे मिळत, पण खाणावळीचा भार हलका होई. मुख्य म्हणजे माझी संध्याकाळ आणि रात्र विद्यापीठातच जात असे, आणि मला जे सांगायचे आहे ते याच संध्याकाळीबद्दल आहे.

पातळ थराचा प्रयोग कसा चालतो, हे तुम्हाला लवकरच कळेल. काच स्वच्छ करून निर्वात पात्रात बसवायची, हवा काढायला आधी रोटरी पंप, मग डिफ्यूजन पंप लावायचा, आणि हवेचा दाब हवा तितका उतरेपर्यंत काट्याकडे बघत बसायचे. घाई चालत नाही. दुपारी तीनला सुरुवात केली, तर प्रत्यक्ष थर बसेपर्यंत दिवेलागण होते आणि मग पात्र थंड होईपर्यंत उघडता येत नाही. आमच्या वर्गात पाच-सहा मुली कोल्हापुरातल्याच होत्या. सगळ्या हुशार, एक तर माझ्याहून कितीतरी पुढची. पण साडेपाच वाजले की त्यांचे फोन वाजायला लागत. कुणाला भावाला क्लासला सोडायचे असे, कुणाकडे पाहुणे येणार असत, कुणाची आई नुसतीच ‘अंधार पडला’ म्हणे. प्रयोग वसतिगृहातील मुले पुरा करत आणि दुसऱ्या दिवशी या मुली आमची निरीक्षणे वहीत उतरवून घेत. गुण आम्हा सर्वांना सारखेच मिळाले. परंतु पंपातले तेल उलटे चढले तर काय करायचे, हे त्यांतील एकीलाही हाताने करून पाहता आले नाही.

तेव्हा घरी राहून शिकणे स्वस्त असते, हे अर्धेच खरे आहे. खोलीचे भाडे वाचते आणि त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. मुलींना ती अधिक मोजावी लागते, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. तुम्ही कोल्हापुरात राहिलात, तर आठवड्यातील किमान चार दिवस रात्री आठपर्यंत तुम्ही विद्यापीठात असाल आणि त्या वेळात घरातील कोणतेही काम तुमच्या नावावर नसेल, हे प्रवेश घेण्याआधी ठरवून घ्या. प्रवेशानंतर ते ठरत नाही.

पैशांबाबत एक विसंगतीही ध्यानात घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी असलेली ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना यांत पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. मात्र शिक्षणसंस्था ज्या शहरात आहे तिथला रहिवासी असलेल्याला ती मिळत नाही, शिवाय उत्पन्नाची मर्यादा आहेच. म्हणजे घरी राहणाऱ्याला खर्चच नसतो, असे शासनानेही गृहीत धरलेले आहे. तुम्ही कोणत्या प्रवर्गात आहात हे मी विचारत नाही. अटी वाचून पाहा आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढायला टाका.

उत्तर ३: ‘मिरजकर’

एवढा विचार कशाला? डॉ. जयंत नारळीकर कोल्हापुरातच जन्मले. गावातच बसून राहिले असते तर केंब्रिज झाले नसते आणि आयुकाही झाली नसती. ज्याला आकाश बघायचे आहे, त्याने गाव सोडावे.

उत्तर ४: ‘निवृत्त अध्यापक, सातारा’

मिरजकरांचे उदाहरण चांगले आहे, पण ते पुरते सांगायला हवे. नारळीकरांचा जन्म १९३८ मध्ये कोल्हापुरात झाला, हे बरोबर. त्यांचे वडील मात्र बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते, जयंतरावांचे शिक्षण बनारसलाच झाले आणि १९५७ मध्ये तिथून बी.एस्सी. होऊन मग ते केंब्रिजला गेले. म्हणजे पदवीपर्यंत ते घरच्या विद्यापीठातच शिकले. १९७२ मध्ये ते भारतात परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि आयुका १९८८ मध्ये स्थापन झाली. या उदाहरणावरून ‘घर सोडावे’ असे सिद्ध होते तितकेच ‘घरी शिकून मग सोडावे’ असेही होते. थोरांची चरित्रे अशा वेळी फारशी उपयोगाची नसतात, कारण ज्याला जे हवे ते तो त्यांतून काढतो.

मी भौतिकशास्त्राचा अध्यापक होतो. प्रश्न विचारणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असल्याने एकेरीत लिहितो, राग मानू नये.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्याबद्दल तू जे परिच्छेदभर लिहिले आहेस, ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडेल. पण पिंप, कार्बोरंडम आणि तीनदा केलेली नळी याबद्दल जे लिहिले आहेस ते तुझ्याखेरीज कुणी लिहू शकले नसते. तुला खगोलशास्त्र आवडते, हे मी मान्य करतो. पण तुला उपकरणे करायला त्याहून अधिक आवडते, असा मला दाट संशय आहे आणि तो तुलाही येऊ दे. केसभर खेळ राहिला म्हणून नळी टाकून द्यावी, हे ज्या मुलीला पटते आणि ज्या घरात ती पुन्हा करून मिळते, ती मुलगी कोणत्याही प्रायोगिक विभागाला हवी असते. लेथचा आवाज ऐकून अवजार बोथट झाल्याचे ओळखणारे विद्यार्थी मला तीस वर्षांत चारसुद्धा मिळाले नाहीत. दुर्बिणीच्या आरशावर चढवायचा ॲल्युमिनियमचा मुलामा हासुद्धा निर्वात पात्रात बसवलेला पातळ थरच असतो, हे तू आरसा मुलाम्याला दिलास तेव्हा पाहिले असशील. ज्या विषयाला तू ‘खगोलशास्त्र नव्हे’ म्हणून बाजूला सारते आहेस, त्याच्यावाचून तुझ्या आजीला शनी दिसला नसता.

आणि कोल्हापुरात आकाशाचे काहीच नाही, हेही बरोबर नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र असून तिथे रडारने वातावरणाच्या वरच्या थरांचा आणि रात्रीच्या आकाशातील क्षीण वायुप्रकाशाचा अभ्यास झालेला आहे. पन्हाळ्याला विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र आहे. हे ताऱ्यांचे खगोलशास्त्र नाही, पण अंधारात कॅमेरा लावून क्षीण प्रकाश मोजण्याचे काम आहे आणि ते तुझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर चालते. तिथे जाऊन कधी विचारले आहेस का?

पुढे पीएच.डी.ला जायचे तर नेट, गेट, जेस्ट या परीक्षा सगळ्यांना सारख्याच द्याव्या लागतात. मुलाखतीत फळ्यासमोर उभे करून सोपा वाटणारा प्रश्न विचारतात आणि नंतर म्हणतात, तुमच्या प्रकल्पाबद्दल सांगा. इथे मुले उघडी पडतात. माझा एक विद्यार्थी मोठे नाव ऐकून दूरच्या एका संस्थेत गेला. तिथे त्याचे मार्गदर्शक वर्षभरात त्याला दोनदा भेटले. मुलाखतीत प्रकल्पाच्या आलेखावरील एककही त्याला सांगता आले नाही. त्याच्याच वर्गातील, जिल्ह्याबाहेर कधी न गेलेली एक मुलगी साध्या महाविद्यालयातील जुन्या स्पेक्ट्रोमीटरवर वर्षभर झटली, आणि तिला समितीने पाऊण तास बसवून घेतले, कारण त्या उपकरणातला प्रत्येक दोष ती जाणत होती. नाव कामाला येत नाही असे मी म्हणत नाही. अर्जांचा ढीग चाळताना नाव पाहिले जाते. त्यापुढे त्याचा उपयोग संपतो.

म्हणून कोल्हापूर की पुणे हे ठरवण्याआधी दोन्ही विभागांत स्वतः जा. संकेतस्थळ पाहून भागणार नाही. मुलांना सुट्टी लागण्याआधी जा आणि प्राध्यापकांना भेटण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठ. गेल्या वर्षी प्रायोगिक प्रकल्प कितीजणांनी केले, उपकरणाला हात लावायला मिळतो की तंत्रज्ञ करून देतो, मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, शेवटच्या सत्राचा प्रकल्प बाहेरच्या संस्थेत करायला परवानगी असते का, हे विचार. शेवटचा प्रश्न तुझ्यासाठी फार मोलाचा आहे. ती परवानगी मिळत असेल, तर दीड वर्ष घरी आणि सहा महिने पुण्यात अशी विभागणी होऊ शकते आणि खर्चाचा प्रश्न चौथ्या हिश्श्यावर येतो. मिळत नसेल, तर मात्र तराजू पुण्याकडे झुकतो, हे मी कोल्हापूरचा कितीही अभिमानी असलो तरी कबूल करतो.

जतच्या मित्रांनी संध्याकाळीबद्दल जे लिहिले आहे ते मी अध्यापकाच्या खुर्चीतून तीस वर्षे पाहिले आणि त्यावर कधी काही केले नाही. तेही इथे नोंदवतो.

उत्तर ५: ‘एका मुलीचा बाप’

सर्वांनी छान लिहिले आहे. मला एकच विचारायचे आहे. वडिलांच्या मशीन किती, कामगार किती, ऑर्डर नसली की आठवडा कसा जातो, हे सारे तुम्ही लिहिले. ते स्वतः याबद्दल काय म्हणतात, हे कुठेच नाही. नातेवाईक बोलले, मामेभाऊ बोलला. वडिलांना विचारले आहे का, की त्यांना परवडणार नाही हे तुम्हीच परस्पर ठरवून टाकले? माझ्या मुलीने तसे ठरवले होते. मला ते दोन वर्षांनी कळले आणि अजून सलते.

‘सहा इंची आरसा’ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी वडिलांना विचारलेच नव्हते.

परवा रात्री वर्कशॉप बंद करताना विचारले. त्यांनी लगेच काही म्हटले नाही. घरी आल्यावर जॉबवर्कची वही काढली आणि मागच्या दोन वर्षांची महिनावार जमा मला वाचून दाखवायला सांगितली. मग म्हणाले की वर्षातील आठ महिने ठरावीक रक्कम पाठवता येईल, चार महिने येणार नाही आणि ते चार महिने कोणते हे आधी सांगता येणार नाही; तेवढ्याची तजवीक आधी करून ठेवू आणि मग कुठे जायचे ते तू ठरव. माझ्या डोक्यात ‘परवडते’ आणि ‘परवडत नाही’ असे दोनच रकाने होते. तिसराही असतो, हे मला त्या वहीने दाखवले.

जतच्या दादांचा परिच्छेद मी आईला वाचून दाखवला. तिला राग आला. मी काय तुला अडवते का, असे ती म्हणाली, आणि तेवढ्यात आजीला कूस बदलायची होती म्हणून आम्ही दोघी उठलो. परत येऊन बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या काकूंशी बोलून सोमवार, बुधवार आणि शुक्रवारच्या सकाळी त्यांच्याकडे लावून घेतल्या. महिन्याचे काही पैसे द्यावे लागतील. हा खर्च मी कोल्हापूरच्या रकान्यात लिहिला आहे. यापूर्वी त्या रकान्यात फक्त सायकलच्या पंक्चरचे पैसे होते.

सरांनी सांगितल्याप्रमाणे विद्यानगरला, म्हणजे शिवाजी विद्यापीठात, जाऊन आले. दुसऱ्या वर्षाच्या दोघी भेटल्या. एक आजऱ्याची, वसतिगृहात राहणारी, आणि दुसरी राजारामपुरीची. आजऱ्याची मला निर्वात पात्र दाखवत होती तेव्हा राजारामपुरीची मध्येच घड्याळ बघून निघाली. साडेपाच वाजले होते. बाहेरच्या संस्थेतील प्रकल्पाबद्दल त्या दोघींना नक्की सांगता आले नाही, म्हणून दोन्ही विभागांना मी लेखी विचारले आहे. आरशाच्या मुलाम्याचे सरांनी लिहिलेले वाचून मात्र मला स्वतःचीच थोडी लाज वाटली, कारण तो आरसा मी कुरियरने पाठवला आणि कुरियरनेच परत घेतला होता. मधे काय झाले हे पाहावे, असे माझ्या मनातही आले नव्हते.

दोन्हीकडचे अर्ज भरणार आहे. मंगळवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला निघते. शिरोळच्या ताईंनी स्वतःहून विभाग दाखवायचे कबूल केले आहे. विचारायच्या प्रश्नांची यादी वहीत लिहून घेतली आहे. सरांचे चार आहेत, माझे तीन आणि सर्वांत खाली वडिलांनी त्यांच्या हाताने लिहिलेला एक: तिथल्या वर्कशॉपमध्ये विद्यार्थ्यांना लेथला हात लावू देतात का.